मैनाबाईच्या मक्याच्या आठ ओळी

अकोल्याहून आठ कोस सायकल मारून मी मैनाबाईच्या वावरात पोचलो, तर बाईनं पाणीही विचारलं नाही. मी शेतकी खात्याचा माणूस. सन सेहेचाळीसचा भादवा, पावसानं महिनाभर ताण दिलेला. तिच्या मक्याच्या चार ओळींचं बी मी वाढीच्या औषधात भिजवून पेरलं होतं, चार ओळींचं साधंच. औषधाच्या ओळी जास्त तगतात का, ते पाहायचं होतं. पाहतो तर आठही सारख्याच हिरव्या! साध्या ओळींच्या बुडाशी माती ओली. प्रयोगाचं सलग तिसरं वर्ष मातीत गेलं.

"साध्या ओळींना पाणी कोणी घातलं?" मी करवादलो.

"म्या. तुमी अर्ध्यांले औषध देलं, अर्ध्यांले नाही. माया वावरात असा पंक्तिप्रपंच नाही चालत."

"विहीर तर आटलीय. पाणी आणलं कुठून?"

"घरच्या माठातलं," ती म्हणाली. "म्हणून तं तुमाले नाही इचारलं, साहेब."