क्षितिजावरचा ठिपका

ग्लेनिसने पडद्यावर बोट टेकवलं.

"हा बघ. हा आमचा डॅझ."

पडद्यावर डॅझ नव्हताच. होती फक्त शॉटच्या सुरुवातीला धरायची क्लॅपची पाटी आणि ती धरलेला एक तरुण हात, अंगठ्याला मळकी पट्टी गुंडाळलेला.

"तंबूचा खुंटा ठोकायला गेला आणि स्वतःचाच अंगठा ठोकून बसला," ग्लेनिस म्हणाली. "फोनवर मला सांगताना हसत होता, गाढव."

जॅसिंटाने खिशातून मऊ फडकं काढून पडद्यावरचा बोटाचा ठसा पुसला.

"ग्लेनिस, बोट नका लावू हं. मग मला तो डाग फिल्मवरचा वाटतो."

"चुकलं, पोरी."

पण पुढच्या पाटीला बोट पुन्हा पुढे आलंच. जॅसिंटाने पुन्हा फडकं काढलं.

'पांढरा तळ' या चित्रपटाच्या नव्या डिस्कसाठी जुनी फिल्म साफ करायचं काम जॅसिंटाच्या शेडमध्ये चाललं होतं. क्लाइव हॅनाफोर्डने तो चाळीस वर्षांपूर्वी मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर, उत्तरेकडच्या, वर मिठाचा थर नि खाली खोल चिखल असलेल्या एका खाऱ्या तळ्याकाठी काढला होता. थिएटरांतून तो आठवड्याभरात उतरला. पुढे भाड्याच्या कॅसेटवरून घरोघर गेला आणि लोकांच्या डोक्यात बसला. डॅझ, ग्लेनिसचा धाकटा भाऊ, त्या चित्रीकरणातला पडेल ते काम करणारा पोरगा. ग्लेनिस सुरुवातीचे दिवस तिथे स्वयंपाक सांभाळून घरी परतली होती. शेवटच्या शॉटचा क्लॅप देऊन, पिशवी उचलून तो हायवेकडे चालत गेला, असं क्लाइवने पोलिसांना सांगितलं होतं. त्यानंतर डॅझ कुणाला दिसला नाही. पोलिसांनी हायवे शोधला. ग्लेनिस अजून शोधत होती. दर हिवाळ्यात गाडी काढून ट्रकवाल्यांच्या खाणावळींत त्याचा फोटो दाखवत फिरायची.

मूळ निगेटिव्ह सापडली असं कळल्यावर तिनेच जॅसिंटाला फोन केला होता.

"फोटो खूप आहेत गं," ती म्हणाली होती. "पण फोटोत तो नुसता उभा आहे. मला तो हलताना बघायचाय. फुटबॉलमध्ये गुडघा गेला होता त्याचा. दर पावलाला डावीकडे असा कलायचा, बदकासारखा. ते मला नीट आठवेनासं झालंय."

म्हणून आज ती थर्मास आणि फ्रूट केक घेऊन आली होती, आणि दोघी एकेक पाटी बघत होत्या. शेवटच्या शॉटची पाटी आली. हातात जाड अंगठी होती, अंगठ्याला पट्टी नव्हती.

"हा डॅझ नाही," ग्लेनिस म्हणाली. "हा क्लाइव. त्या अंगठीचा केवढा तोरा त्याला, अजून घालतो."

"पण ते तर म्हणतात की शेवटचा क्लॅप—"

"विसरला असेल. म्हातारी झालो गं आम्ही." तिने केकचा तुकडा जॅसिंटाच्या बशीत सरकवला. "ते काळं काळं काय उडतंय सगळीकडे?"

"धूळ. निगेटिव्हवर बसलेली. ती फिल्मच्या एकाच चौकटीत असते, पुढच्या चौकटीत नसते. म्हणून मशीनला कळतं, काय पुसायचं ते."

"आणि पुढच्या चौकटीतही असलं तर?"

"तर ती धूळ नाही. ते खरंच तिथे होतं."

ग्लेनिसची बस निघाल्यावर जॅसिंटा शेवटच्या शॉटकडे वळली. तो साऱ्यांना पाठ होता. रिकामं तळं, डाव्या कडेला मोडकी झोपडी, मावळतीचा उजेड. मग काहीच कारण नसताना कॅमेरा हळूहळू खाली झुकतो. क्षितिज वर सरकत जाऊन दिसेनासं होतं आणि उरतं नुसतं मीठ. त्या झुकण्यावर लोकांनी लेख लिहिले होते, दंडावर गोंदवून घेतलं होतं. जमीन डोळे मिटते, असं कुणीतरी म्हटलं होतं. क्लाइव प्रत्येक मुलाखतीत सांगायचा, "ते माझ्या हातून आपोआप घडलं."

मशीनने बरीच धूळ काढली होती. झोपडीच्या उजवीकडे, क्षितिजाला लागून एक काळा ठिपका मात्र सुटला होता. जॅसिंटाने तो हाताने पुसला. पुढची चौकट, तिथेही होता, पुसला. पुढची. पुसला. बराच वेळ ती ठिपका पुसत राहिली आणि मग तिचा हात थांबला.

तिने पुसलेलं सगळं परत आणलं आणि शॉट चालवला.

ठिपका झोपडीमागून निघाला होता. तो तळ्यात आत आत चालला होता. आणि तो निघाला त्यानंतर लगेच कॅमेरा झुकू लागला होता.

थिएटरात चित्राची वरची पट्टी झाकलेली असायची. जुनी कॅसेटही तशाच झाकलेल्या प्रतीवरून काढलेली. निगेटिव्हवर मात्र ती पट्टी होती, आणि क्षितिज तिथे शेवटपर्यंत शाबूत होतं. ठिपकाही. जॅसिंटाने चित्र मोठं केलं. ठिपका एका ठरावीक तालात डावीकडे कलत होता.

तिने पंखा बंद केला. त्याचा आवाज तिला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी तिने क्लाइवला फोन लावला.

"शेवटच्या शॉटमध्ये एक ठिपका राहिलाय."

"क्षितिजावरचा ना? कचरा आहे तो. पूस."

कुठला ते तिने सांगितलं नव्हतं.

"पूर्ण चौकटीत तो—"

"पूर्ण चौकट तुला मागितली कुणी? पोरी, झाकलेलं झाकलेलंच बरं दिसतं. गुरुवारी भेटू."

गुरुवारी डिस्कसाठी दोघांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं होतं. चित्रपट पडद्यावर चालणार आणि क्लाइव नि ग्लेनिस त्यावर आठवणी सांगणार, अशी ठरलेली पद्धत. ग्लेनिसने नवा ब्लाउज घातला होता. क्लाइवने आल्याआल्या तिला मिठी मारली.

"काय गं म्हातारे, अजून तशीच तिखट दिसतेस!"

"आणि तू अजून तसाच थापाड्या."

जॅसिंटाने दार लावलं आणि माइकचा लाल दिवा लावला. कोणती प्रत चालवायची ते तिने सकाळीच ठरवलं होतं.

दोघं छान बोलत होती. माश्यांबद्दल, खारट पाण्यात उकडलेल्या सॉसेजांबद्दल, बिनपगारी नटांबद्दल. ग्लेनिस पोटभर हसली. मग शेवटचा शॉट आला.

"हा क्लॅप डॅझचा," क्लाइव माइकमध्ये म्हणाला, "आपल्या डॅझचा. क्लॅप दिला आणि गेला बिचारा हायवेकडे. आणि आता बघा, कॅमेरा आपोआप..."

कॅमेरा झुकला. क्षितिज वर गेलं, पण गेलं नाही. पडद्याच्या वरच्या कडेशी ते येऊन राहिलं.

क्लाइवचा हात अंगठीवर गेला.

ग्लेनिस डोळे बारीक करून पुढे वाकली.

"पोरी, ही धूळ राहिली वाटतं तुझी."

ग्लेनिसने मागे वळून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. एक चौकट, पुढची चौकट. तिने हात उचलला आणि ठिपक्यावर बोट टेकवलं. ठिपक्याबरोबर तिचं बोट काचेवरून सरकू लागलं. थोडं पुढे, थोडं डावीकडे. पुढे, डावीकडे.

"कसा चालतोय बघ," ती पुटपुटली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

मग ठिपका थांबला. थांबल्या जागी तो खालून कमी होऊ लागला. त्याच्या वरच्या टोकाला काहीतरी बारीक हललं, इकडून तिकडे, परत इकडून तिकडे. कॅमेरा स्थिर होता. मीठ शांत होतं. हळूहळू क्षितिजाची रेघ पुन्हा सरळ झाली.

शॉट चालूच राहिला. ग्लेनिसचं बोट तिथेच होतं.

क्लाइव अंगठी फिरवत होता. मग तो बोलला, माइकपासून तोंड जराही न हलवता, मुलाखतीत बोलावं तसं.

"प्रकाश जात होता, ग्लेनिस. थांबलो असतो तर शॉट गेला असता."

जॅसिंटाचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला आणि परत आला. लाल दिवा तसाच राहिला.

ग्लेनिसने बोट काढलं. पर्स उचलली, थर्मास उचलला. दारातून ती एकदा मागे वळली, पण क्लाइवकडे तिने पाहिलं नाही.

पडद्यावर आता नुसतं पांढरं होतं, आणि त्याच्या वरच्या कडेशी एक ठसा. जॅसिंटाच्या खिशात फडकं होतं. तिने ते काढलं नाही.