खालचे चार दात

गिरणीचा बंद पडलेला भोंगा. भाजलेल्या तंबाखूचा वास. बर्फाचा खडा. गटारात फेकलेला डबा. नवंकोरं एक्स-रे मशीन, त्यावरचा हार अजून सुकला नव्हता.

हे सगळं शेवंताच्या एका जबड्यात मावलं.

संपाच्या आदल्या आठवड्यात लालबागच्या दातांच्या डॉक्टरने नव्या मशीनच्या हौसेने तिच्या दातांचा फोटो काढला. खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी काळे डाग दिसले. मिसरीने काळवंडलेले दात त्याने आधीच पाहिले होते. किडलेत, आत पू झालाय, म्हणाला आणि मधले दोन उपटले. उरलेले चार पुढच्या खेपेला.

चाळभर बोभाटा झाला, शेवंताला कॅन्सर. तिच्या नवऱ्याने, रामचंद्रने, मिसरीचा डबा गटारात भिरकावला.

संप लांबत गेला. युनियन म्हणे थांबा, मालक म्हणे थांबा. रामचंद्र तेवढा रोज म्हणे, चार काढून मोकळी हो. शेवटी शेवंता एकटीच परळच्या मोठ्या इस्पितळात गेली.

तिथल्या मीनाक्षी डॉक्टरीणबाईंनी एकेका दाताला बर्फ लावला. दर वेळी शेवंता कळवळली. दात जिवंत आहेत, बाई म्हणाल्या. पू नाही, कॅन्सर नाही. हाडच आतल्या आत बदलतंय. आज फोटोत काळं दिसतं, काही वर्षांनी पांढरं दिसेल. कापायचं नाही, उपटायचं नाही. वर्षातून एकदा फोटो काढून बघत राहायचं.

"मग ते दोन?"

बाईंनी फिल्म उजेडापुढे धरली. "तेही जिवंतच असणार."

शेवंता घरी गेली, रामचंद्रला उठवलं आणि त्याला घेऊन थेट लालबागच्या दवाखान्यात शिरली. डॉक्टरने खुर्ची पुसली, आज चारही उरकू म्हणाला.

"बर्फाचा एक खडा लावून बघायचा होता. तेवढा पण धीर नव्हता?"

तो मिसरीचं काहीतरी पुटपुटला.

"मिसरीनं दात काळे झाले होते. मेले नव्हते."

रामचंद्र तिचा दंड ओढू लागला.

"तुमी गप ऱ्हावा. माझा डबा फेकलात, तुमची तंबाखूची चंची कमरेलाच हाय."

मग दरवर्षी फोटो. गिरणी कायमची गेली, डाग पांढरे झाले, चार दात घट्ट राहिले. मधल्या खिंडीतून तिची शिवी मात्र शिट्टीसारखी निघायची आणि ती त्या दवाखान्यासमोरून जाताना हटकून निघायची.

लालबागच्या दवाखान्यात त्या पहिल्या दिवशी दात दुखत होता शेजारच्या सोनूबाईचा; शेवंता नुसती सोबतीला गेली होती.