अर्धा आटा

काटेवाल्यांच्या घरात शिरलं की आधी अंगावर यायचा तो वजनकाटा. माणसाच्या छातीइतका उंच, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं पितळी वजन. बंद पडलेल्या एका दवाखान्यानं भंगारात काढलेला हा काटा त्यांनी घरी आणला, खोलून साफ केला आणि बोळात उभा केला. दांडीच्या टोकाला एक स्क्रू होता. तो फिरवला की काटा खोटं दाखवू शकतो, म्हणून स्क्रूच्या भोकातून तार ओवून तिच्यावर शिशाचा शिक्का दाबलेला. दुकानातल्या काट्यांना असतो तसाच. घरच्या काट्याला शिक्का कशाला, असं कुणी विचारलं की बायको सांगायची, "माझ्यावर भरवसा नाही हो त्यांचा. मी स्क्रू फिरवून बारीक होईन म्हणून कुलूप घातलंय."

अडतीस वर्षं वजनमापे खात्यात त्यांनी लोकांचे काटे तपासले होते. एका हातात नमुन्याच्या वजनांची पेटी, खिशात शिक्का दाबायचा चिमटा. दुकानदारानं चहा पुढे केला तरी तपासणी संपेपर्यंत कपाला हात लावायचा नाही, हा खाक्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक त्यांना काटेवाले म्हणत, आणि त्यांनाही ते नावापेक्षा बरं वाटे.

बायको बासष्टची आणि चौऱ्याण्णव किलोची. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, गुडघे बदलून देतो, पण आधी वजन ऐंशीच्या खाली आणा. तिला ऑपरेशनची भीती नव्हती. तिला लेकीच्या घरी जायचं होतं. लेक नव्या घरी राहायला जाऊन दोन वर्षं झाली होती. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईनं त्या घराचा उंबरा अजून पाहिला नव्हता. लेक फोनवरून फिरवून फिरवून दाखवायची, ही खिडकी, हे कपाट, हा तुझा पलंग.

"फोनमध्ये घर बघून माझं मन भरत नाही गं," ती म्हणायची. "मी माझ्या पायांनी येणार आहे. दार तू उघडायचं."

मग सुरू झालं. सकाळी सहाला दोघं तळ्याभोवती फिरायला. आधी अर्धी फेरी, मग एक, मग दोन. साखर बंद, तळलेलं बंद, ताट लहान. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी ती दोनदा उठली आणि तिसऱ्या वेळी "अहो, खुर्ची मला सोडत नाही" म्हणून हसत बसली. दर रविवारी ती काट्यावर उभी राहायची, काटेवाले वजन सरकवायचे, दांडी स्थिर झाली की आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि ती तो कॅलेंडरवर लिहायची.

दोन महिन्यांत दोन किलो गेले. मग दांडी ब्याण्णववर अडली ती अडलीच. एक रविवार, दोन, पाच. पाचव्या रविवारी ती काट्यावरून उतरली आणि बोळातच भिंतीला टेकून रडायला लागली.

"बस झालं. या वयात होत नसतं हे. मी आपली फोनमध्येच घर बघते."

सोमवारी ती फिरायला आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी तिनं चहात दोन चमचे साखर घातली आणि त्यांच्याकडे बघत बघत प्याली. इतकी बडबडी बाई, आणि दिवसभर चकार शब्द नाही.

गुरुवारी ती आंघोळीला गेल्यावर त्यांनी पक्कडीनं तार तोडली. स्वतःचा शिक्का स्वतःच्या हातानं तोडायची ही पहिलीच वेळ. स्क्रू अर्धा आटा, म्हणजे अर्धा वेढा, फिरवला की या काट्यावर बरोब्बर अर्धा किलो कमी दिसायचा. ते त्यांना बघावंही लागलं नाही. नवी तार ओवली, नवं शिसं दाबलं. आतून पाण्याचा आवाज येत होता. एकदाच, असं त्यांनी ठरवलं.

"काट्यावर तर उभी राहा," ते रविवारी म्हणाले. "मग काय ते रुसायचं."

ती उभी राहिली. दांडी स्थिर झाली तसे ते म्हणाले, "साडेएक्क्याण्णव."

"साखर खाऊन?" ती ओरडली. "परत बघा!"

त्यांनी परत बघितलं. साडेएक्क्याण्णवच. तिनं आकडा एवढा मोठा लिहिला की शेजारच्या दोन तारखा झाकल्या गेल्या. संध्याकाळी बूट घालून दारात उभी. "चला, काटेवाले. बसून पोट सुटलंय तुमचं."

एकदाच म्हणून केलेलं आठ रविवार चाललं. कॅलेंडरवर अठ्ठ्याऐंशी, खरे ब्याण्णवच. पण बाई पालटली होती. तळ्याभोवती तीन फेऱ्या, खुर्चीतून बारा वेळा उठणं. ती मोठ्यानं मोजायची, दहानंतरचे आकडे तर शेजाऱ्यांना ऐकू जातील असे. काटेवाल्यांचंही पोट उतरलं, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. कशाला वाईट वाटून घ्यायचं, ते स्वतःला सांगत. औषधाची गोळीही साखरेत घोळूनच देतात.

नवव्या रविवारी त्यांनी स्क्रूला हात लावला नाही. आणि दांडी एक किलोनं खाली आली. आपोआप.

त्यांना विश्वास बसेना. ती बाहेर गेल्यावर पेटीतली वजनं काढून त्यांनी काटा तपासला. चार किलोंचा खोटेपणा जसाच्या तसा होता. खाली आलं होतं ते तिचं खरं वजन. काटेवाले बोळातच खाली बसले. सुटलो, असं त्यांना वाटलं. खोटं बोललो, पण खोट्याला खरे पाय फुटले.

आता एकच धाकधूक राहिली. डॉक्टरांच्या काट्यावर ती उभी राहिली की चार किलोंचा फरक उघडा पडणार. म्हणून दर आठवड्याला ते अर्धा आटा उलटा फिरवू लागले. ती खरोखर एक किलो उतरायची, काटा अर्धाच दाखवायचा. तिला संशय यायचं कारण नव्हतं. कॅलेंडरवर आकडे एका रेषेत खाली चालले होते. एक आठवडा, दोन, चार, आठ.

काही बदललेलं नसताना, तेवढ्याच फेऱ्या आणि तेवढंच ताट असताना, बासष्टच्या बाईचं वजन आठवड्याला एक किलो का उतरतंय, हे विचारायला एकच माणूस होता. खरा आकडा फक्त त्यांनाच ठाऊक होता. आणि तो शहाणा माणूस आंघोळघराच्या दाराशी कान लावून शिक्के बदलत बसला होता.

विचारलं नाही कुणी असं नाही. समोरच्या दारची शिंपीण बायकोचे सैल झालेले ब्लाउज आत घ्यायला आली होती. टेप गळ्यात टाकून ती काटेवाल्यांना म्हणाली, "काका, दंडातून दीड इंच गेलं हो. खांद्यातून पण. पोटावरून जायचं सोडून इथून कसं?"

"या महिन्यात काट्यावर दोनच किलो उतरलेत," काटेवाले म्हणाले.

"असेल. तुमचा काटा, मी काय बोलणार!" ती टाचण्या लावू लागली.

बायकोची भूक कमी झाली. त्यांना वाटलं, जिभेला वळण लागलं. तीन फेऱ्यांच्या दोन झाल्या, मग एक. खुर्चीतून बारा वेळा उठायची ती सातवर आली आणि मोजायचा आवाजही खाली आला. शेवटी ती स्वतःच नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली, थकवा येतो म्हणून. जाताना कॅलेंडर काढून काखेत घेऊन गेली, कौतुक करून घ्यायला. डॉक्टरांनी पानं उलटली. आठवड्याला अर्धा किलो. "वा, असंच उतरायला हवं," ते म्हणाले. "या वयात थोडा थकवा यायचाच." ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. काटेवाले शेजारच्या खुर्चीत बसले होते. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरे होता. त्यांनी उघडलं नाही.

त्र्याऐंशीवर खरं आणि खोटं एक झालं. शेवटचा शिक्का दाबून त्यांनी चिमटा कपाटात वर ठेवून दिला. महिन्याभरात ती एकोणऐंशीवर आली आणि हाडांच्या डॉक्टरांकडे काट्यावर उभी राहताना तिनं वळून नवऱ्याकडे असं बघितलं, की लग्नातही तिनं त्यांच्याकडे तसं बघितलं नव्हतं.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत पोटात कॅन्सरची गाठ सापडली. तिथून ती यकृतापर्यंत पोचली होती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वजन कधीपासून उतरतंय ते विचारलं. लेकीनं कॅलेंडर पुढे केलं. बाईंनी ते बराच वेळ बघितलं. "यात काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "सगळं हळूहळू, शिस्तीत. एकदम उतरलं असतं तर कुणीही लगेच तपासायला पाठवलं असतं. तीन महिन्यांपूर्वी कदाचित काढता आली असती गाठ."

बाहेरच्या बाकावर लेक म्हणाली, "बाबा, आईचे दंड बघा. एवढी वाळली ती अर्ध्या-अर्ध्या किलोनं? काटा नक्की बरोबर होता ना?"

अडतीस वर्षांत जे वाक्य त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेतलं नव्हतं, ते त्यांनी उच्चारलं. "बिघडला असेल."

"काही नाही बिघडला," बायको म्हणाली. चाकाच्या खुर्चीत ती पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी ताठ बसली होती. "यांचा काटा बिघडत नसतो. पंधरा किलो मी उतरवलेत, माझ्या मेहनतीनं. गाठीनं नंतर काय केलं असेल ते असेल."

हे ती प्रत्येकाला सांगू लागली. सुई टोचायला आलेल्या नर्सला, शेजारच्या पलंगावरच्या बाईला, फरशी पुसणाऱ्याला. "पंधरा किलो हो! बासष्टाव्या वर्षी." पुढचे पाच महिने औषधांनी केस नेले, जेवण नेलं, आवाज नेला, तेवढं एक वाक्य राहिलं. काटेवाले प्रत्येक वेळी मान डोलवायचे. सांगून टाकू, असं रोज सकाळी ठरवायचे आणि ती बोलायला लागली की गिळून टाकायचे.

मग डॉक्टरीणबाईंनी लेकीला बाजूला घेतलं आणि आता घरी न्या म्हणाल्या. लेक म्हणाली, माझ्याकडेच आणायचं. तिचा पलंग तयार आहे.

इमारतीखाली गाडीवाल्यानं खुर्चीत बसवून वर न्यायची तयारी दाखवली. काटेवाले नको म्हणाले. लेक अंथरूण घालायला पुढे वर गेली होती. त्यांनी बायकोला पाठुंगळी घेतलं आणि चढायला सुरुवात केली. वर्षभर तळ्याभोवती चालून सहासष्टाव्या वर्षी त्यांचे पाय तरण्यासारखे झाले होते. पहिला मजला. दुसरा.

"किती भरते हो मी?" तिनं मानेशी विचारलं.

पाठीवरचं ओझं ते न तोलता सांगू शकत होते. "एक्केचाळीस."

"बघा. लग्नात छप्पन्न होते." ती हसली, हसण्यानं खोकला आला. "आधीचे पंधरा माझे. बाकीचे गाठीचे."

तिसऱ्या मजल्यावर ते थांबले. तिचा गाल त्यांच्या मानेवर होता, तोंड दिसत नव्हतं. दिसलं असतं तर ते बोलले नसते. त्यांनी सगळं सांगितलं. बुधवारची साखर, आंघोळीच्या पाण्याचा आवाज, सुलटे आठ रविवार, उलटे आठ रविवार. मला दिसत होतं, म्हणाले. तू आठवड्याला किलोकिलोनं जात होतीस आणि मला एकट्याला दिसत होतं.

खाली कुणीतरी दार लावलं.

"म्हणजे मी उतरवले किती?" तिनं विचारलं. "मी?"

"दोन."

"दोन किलो."

"हो."

"आणि खुर्चीतून बारा वेळा उठत होते, ते?"

"ते खरं होतं गं. ते सगळं खरं होतं."

"ते मी मोजत होते म्हणून खरं," ती म्हणाली. मग, "खाली उतरवा मला."

"अगं, अजून एक मजला..."

"उतरवा म्हणते ना."

त्यांनी तिला पायरीवर बसवलं. तिनं दोन्ही तळहात मागच्या पायरीवर टेकले, टाचा रोवल्या आणि बसल्या बसल्या अंग वर ओढलं. एक पायरी. थांबून श्वास घेतला. पुन्हा हात मागे. काटेवाले पुढे झाले तशी तिनं डोळ्यांनीच त्यांना जागच्या जागी थांबवलं. तोंड त्यांच्याकडे करून ती उलटी चढत होती, त्यामुळे तिला ते सगळा वेळ दिसत होते आणि त्यांना ती. चार. पाच. आवाज उरला नव्हता, तरी ओठ हलत होते. ती मोजत होती. नवव्या पायरीवर ती आडवी झाली आणि त्यांना वाटलं, संपलं. ती परत उठून बसली.

अठरा पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. वर पोचल्यावर तिनं हात मागे नेऊन दारावर थाप मारली. लेकीनं दार उघडलं, आईला जमिनीवर बघून किंचाळली, जिन्यात खाली उभ्या बापाकडे बघितलं.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "मी माझी आले आहे. मला आत घे आणि दार लाव."

"बाबा?"

"त्यांना राहू दे जरा खाली."

लेकीनं तिला उचललं. दार लागलं. काटेवाले तिसऱ्या मजल्यावर कठड्याला हात न लावता उभे होते. दोन्ही पाय भक्कम, छाती शांत. त्यांना दमसुद्धा लागला नव्हता.