सोनौलीचा बहाणा

मला घरात आणि ऑफिसात संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. लखनौत एकोणीस वर्षं काढली, पण मला अजून कुणी फसवलेलं नाही, हे काही उगीच नाही. मलिहाबादचा माणूस शपथेवर दशहरी म्हणून आंबे द्यायला लागला, की मी टोपलीच्या तळाचा एक काढून कापायला लावतो. दूधवाल्याच्या बादलीत बोट बुडवून बघतो. महानगरमधल्या आमच्या दारावर पितळी पाटी आहे, तिच्यावर मी नुसती आद्याक्षरं न घालता इंग्रजीत 'नरहर टेंबे' असं पूर्ण नाव कोरून घेतलं. आद्याक्षरं असली की कुणीही आपलं म्हणून टपाल उचलतं. ती पाटी आई दर रविवारी चिंच लावून घासते. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण पाटी चकचकीत झाली की दोन पावलं मागे सरून ती बराच वेळ बघत राहते.

शरद माझा धाकटा भाऊ. एकाहत्तर साली इंजिनिअर होऊन इंग्लंडला गेला तो तिकडचाच झाला. नोकरी तिकडची, पासपोर्ट तिकडचा. शहात्तर साली वडील गेले तेव्हा मी तार केली. हा आला नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं की विमानतळावर संप होता, जागा मिळाली नाही. इतर कुणी असता तर सोडून दिलं असतं. मी हजरतगंजच्या लायब्ररीत जाऊन तिथे येणारी इंग्लंडची वर्तमानपत्रं चाळली. त्या आठवड्यात कुठल्या संपाची बातमी मला सापडली नाही.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तू नीट पाहिलं नसशील."

त्या दिवसापासून शरदच्या शब्दावरचा माझा विश्वास उडाला. पत्रं येत राहिली, पुढच्या वर्षी येतो, पुढच्या वर्षी येतो. आई ती उशीखाली ठेवायची. तिचं हृदय अधू झालं, डॉक्टरांनी जिना बंद केला, तरी हा पुढच्याच वर्षी येणार होता.

मग चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात पत्र आलं. त्याच्या कंपनीला नेपाळमध्ये धरणाचं काम मिळालं होतं. सप्टेंबरात तो काठमांडूला येणार, काम उरकून बसने सोनौलीला सरहद्द ओलांडणार आणि चार दिवस लखनौत राहणार. शेवटी विचारलं होतं, भारतात यायला मला व्हिसा लागेल का, तेवढं बघून कळव.

मी रेल्वेच्या ऑफिसात आस्थापना विभागात आहे. नियम म्हणजे माझा प्रांत. अमुक रजा मिळेल का विचारा, पानासकट सांगेन. मी त्याच रात्री लिहिलं: कॉमनवेल्थ देशाच्या पासपोर्टला आपल्याकडे व्हिसा लागत नाही. मी सांगतोय म्हणजे नाही लागत. बेधडक ये.

पत्र टाकलं खरं, पण मनात आलंच. आईसाठी येत नाहीये, कंपनीने काठमांडूला पाठवलं म्हणून येतोय. वासंतीला, म्हणजे बायकोला, तसं म्हणालोही. ती म्हणाली, "कशासाठी का होईना, येताहेत ना? मग झालं तर."

तो मंगळवारी यायचा होता. आईने सोमवारी बेसनाचे लाडू वळले, बसून बसून, दर चार लाडवांनंतर दम खात. मंगळवार गेला. बुधवारी दुपारी तार आली. इंग्रजीतली तार आमची मधुमती वाचू लागली. ती नववीत आहे, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते.

"काका को बॉर्डर पर रोक दिया है, बाबा. वीज़ा नहीं है इसलिए. भैरहवा में लॉज में रुके हैं. लिखा है, आजी को लेकर आओ."

भैरहवा म्हणजे सरहद्दीच्या पलीकडचं नेपाळमधलं गाव. मला हसूच आलं. व्हिसा लागत नाही हे मी स्वतः लेखी कळवलं, आणि नेमकी तीच अडचण ह्याला आली! गेल्या वेळी संप, ह्या वेळी व्हिसा. आणि वर, आईला घेऊन ये. हृदयाच्या पेशंटला रेल्वेने, बसने सव्वाशे कोसांवर ओढत न्यायचं, हा तिकडे लॉजवर बसणार. माझ्या घराच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, ही त्याची खरी अडचण.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणालो.

आई दारात उभी होती. "कशावरून?"

"नियमावरून."

लाडवांचा डबा तिने फळीवरून काढून आपल्या खाटेजवळ नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी तारघरात शिरलो आणि भैरहवाच्या लॉजच्या पत्त्यावर तार केली. फॉर्मवर इंग्रजीत जे लिहिलं ते अजून शब्दन् शब्द आठवतं: 'ब्रिटिश पासपोर्टला व्हिसा लागत नाही. बहाणे पुरे. आईला तुला भेटायचं नाही. परत जा. नरहर.' आईचं वाक्य मी तिला विचारून लिहिलं नव्हतं. तिच्या वतीने रागवायचा हक्क मला आहे असं तेव्हा वाटलं. घरी कुणाला सांगितलं नाही. वासंतीने विचारलं, "भावजींना काही कळवलंत का?" मी म्हणालो, "बघतो."

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर आई पायऱ्यांवर बसलेली. पायात चपला, शेजारी पिशवी, मांडीवर डबा.

"मी जाते," ती म्हणाली. "तू येतोस का, तेवढं सांग."

वासंतीने माझ्याकडे असं पाहिलं की मी कपडे न बदलताच निघालो. पण खरं सांगतो, मी काही आईच्या हट्टापायी गेलो नाही. शरद तिथे नसणार ह्याची मला खात्री होती. तो काठमांडूलाच मजेत असेल, कुणाकडून तरी भैरहवाहून तार करवली असेल. ते आईने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं आणि ती उशीखालची पत्रं बंबात घालावीत, एवढीच माझी इच्छा होती. स्वतःच्या आईचं मन मोडायला मी तिला घेऊन निघालो होतो.

रात्रीच्या गाडीने सकाळी गोरखपूर, तिथून बस. रस्ता खड्ड्यांचा, आई डबा छातीशी धरून बसलेली. अकराच्या सुमारास सोनौलीला उतरलो. सरहद्द म्हणून काहीतरी भव्य असेल अशी माझी कल्पना होती. एक रस्ता, एक लोखंडी फाटक आणि बाजूला पत्र्याच्या छपराची चौकी. बायका डोक्यावर मोळ्या घेऊन, सायकलवाले पोती लादून बेलाशक इकडून तिकडे जात होते. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. हे पाहून माझा संशय आणखीच पक्का झाला. इथे कोण कुणाला अडवणार?

आईला बाकावर बसवून मी चौकीत गेलो. टेबलाशी एक प्रौढ इन्स्पेक्टर बसले होते, हरिहर मिश्र अशी छातीवर पट्टी. मी माझं नाव, हुद्दा सांगितला आणि विचारलं, "शरद टेंबे नाम का कोई ब्रिटिश पासपोर्टवाला यहाँ आया ही नहीं होगा. है ना?"

"आया क्यों नहीं?" ते म्हणाले. "मंगल को आए थे. हमने लौटा दिया."

"किस नियम से? कॉमनवेल्थवालों को वीज़ा नहीं लगता."

"नहीं लगता था, साहब. जून से लगता है. अंग्रेज़, कनाडावाले, सबको. यहाँ बॉर्डर पर हम दे नहीं सकते, काठमांडू से बनवाकर लाना पड़ता है, उसमें हफ़्ता-दस दिन. उनके पास उतने दिन नहीं थे." त्यांनी खणातून सरकारी हुकूम काढून माझ्यापुढे ठेवला.

मी तो वाचला. तारीख, क्रमांक, सही, सगळं जिथल्या तिथे होतं. असल्या कागदात खोट काढायची मला सवय आहे, पण ह्यात काढण्यासारखं काही नव्हतं. मे महिन्यात मी लिहिलं ते खरं होतं, जूनमध्ये ते खोटं झालं, आणि मी पुन्हा एकदा बघायची तसदी घेतली नाही. दशहरीचा तळाचा आंबा कापून बघणारा मी, भावाला कळवलेला नियम तपासायला विसरलो.

मिश्रजी सांगत होते, "बहुत कह रहे थे, मेरे भाई ने लिखकर दिया है, वो रेलवे में अफ़सर हैं, उनसे ग़लती नहीं होती. आपकी चिट्ठी भी दिखाई. फिर रोज़ आते थे. वो नीम देख रहे हैं, फाटक के उधर? सुबह से शाम तक वहीं. इधर से कोई रिक्शा आए तो उठकर खड़े हो जाते थे."

मी त्या कडुनिंबाकडे पाहिलं. खाली कुणी नव्हतं.

"आज नहीं दिखे," मिश्रजी म्हणाले. "आप माताजी को लेकर चले जाइए. आप लोगों को कौन रोकता है? हिंदुस्तानी को तो काग़ज़ भी नहीं लगता."

बाहेर आलो आणि एकदम आठवलं. तार! गुरुवारी सकाळी केलेली. आपल्या तारखात्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत, चार चार दिवस तारा पोचत नाहीत म्हणून. त्या फाटकापाशी उभा राहून मी मनोमन म्हणालो, देवा, ह्याही तारेला चार दिवस लागू देत.

"आहे का तो?" आईने विचारलं.

"आहे. त्याला खरंच अडवलं होतं."

"मी तेच म्हणत होते," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतीच म्हणाली आणि उठली.

फाटक ओलांडताना तिने विचारलं, "हाच का परदेश?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग एवढा वेळ का लागला आपल्याला?" मी रिक्षा केली.

पूर्णिमा लॉज बाजारातच होतं. खाली टेबलाशी मॅनेजर बसला होता. आई माझ्या आधी पुढे झाली. "भैया, हमारा लड़का इधर है. शरद टेंबे."

मॅनेजर उठूनच उभा राहिला. "अरे मांजी! आप ही का इंतज़ार करते थे. वो तो आज सवेरे छह बजे की बस से काठमांडू चले गए. कल शाम को तार आया, उसके बाद खाना भी नहीं खाया."

"फिर आएगा?"

"नहीं मांजी. सोमवार को उनका हवाई जहाज़ है." त्याने खण उघडला. "ये काग़ज़ कमरे में छोड़ गए थे. हमने सोचा, कोई काम का होगा." आणि त्याने माझ्या तारेचा तो घडी केलेला कागद आईच्या हातात दिला.

मी हात पुढे केला होता, पण उशीर झाला होता. आईने घडी उलगडली, कागद लांब धरून पाहिला आणि मग मला दिला.

"वाच. काय लिहून गेलाय?"

तिला वाटलं होतं, कागद शरदने लिहिलाय. मी तो समज तसाच राहू दिला. धडधडीत वाचल्याचं सोंग केलं. "लिहिलंय की... आई, कामावरून तातडीचं बोलावणं आलं, जावं लागतंय. वाईट वाटतं. पुढच्या वर्षी व्हिसा घेऊन नक्की येतो. तब्येतीला जप."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने कागद माझ्या हातातून घेतला. पुन्हा लांब धरला. मला वाटलं, आता ती तो पिशवीत ठेवेल, घरी नेईल, उशीखाली जाईल आणि एके दिवशी मधुमतीच्या हाती पडेल. तोवर काहीतरी करून तो गायब करायचा, असा हिशेबही माझ्या डोक्यात सुरू झाला होता.

आईने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"हे तर आपल्या दारावरचं आहे," ती म्हणाली. "पाटीवरचं पहिलं. रोज बघते मी ते, घासते. तुझं नाव आहे हे."

तिने बोट तिथून काढलं नाही.

"शरदनं लिहिलंय, तर खाली तुझं नाव कसं?"

मॅनेजर आमची मराठी कळत नसतानाही खाली बघायला लागला. आई वाट पाहत होती. तिचा दम लागल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"आता खरं वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. आधी इंग्रजीत आणि मग, तिने हाताने खूण केली म्हणून, मराठीत. 'आईला तुला भेटायचं नाही' ह्या ओळीशी अडखळलो, तर तिने पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

तिने लाडवांचा डबा टेबलावरून उचलून काखेत घेतला आणि मॅनेजरकडे वळली. "भैया, काठमांडू का बस अभी कितने बजे है?"

"एक बजे, मांजी. रात तक पहुँचा देगी."

"टिकट चाहिए."

"दो टिकट," मी म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मॅनेजरसमोर एक बोट वर केलं.