आंबेखोलची गावपळण

दर पाच वर्षांनी आंबेखोल गाव तीन दिवस ओस पडायचा. पडायचा म्हणजे गावकरीच तो ओस पाडायचे. मार्गशीर्षात ग्रामदेव रवळनाथाने कौल दिला की झाडून सगळी माणसं, गुरंढोरं, कुत्री-मांजरं, अगदी अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीसुद्धा टोपलीसकट उचलून, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे शिवेबाहेर जायची. तिथे झोपड्या उभारून तीन दिवस काढायचे आणि चौथ्या दिवशी देवाला विचारून परतायचं. ह्या तीन दिवसांत देव आपल्या गावातून एकटा फिरतो, अशी समजूत. गोव्याच्या पेडण्यातला हा किनाऱ्यालगतचा एवढासा गाव, पण देवाला तीन दिवस मोकळे द्यावेत इतका उदार होता.

कौल घ्यायचा मान सगुण घाड्याचा. त्याने तुये गावच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढली, पण गावात त्याची ओळख एकच. देवाच्या अंगावर तो ओल्या पाकळ्या लावायचा, गाऱ्हाणं घालायचा आणि सगळे श्वास रोखून बघत राहायचे. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बापाने मरताना त्याला शेत दिलं नाही की माडांचं भाट दिलं नाही, फक्त बजावून गेला, "देवाक सरळ विचार. वाकडा विचारशीत तर वाकडाच गावतला." सगुणने तो शब्द अडुसष्ट वर्षांच्या वयापर्यंत जपला. दुसरं जपण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच.

दरम्यान गाव पालटला. पहिला गोरा आला तेव्हा सगुण शाळेत होता. तो गोरा त्यांच्या ओसरीवर महिनाभर झोपला, उकड्या तांदळाची पेज जेवला आणि जाताना म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या पाया पडून गेला. त्याच्यामागून आणखी गोरे आले, मग रशियन आले, मग मोपाला विमानतळ झाला आणि अख्खी दिल्लीच उतरली. गोठ्याचा कॅफे झाला, खळ्याचं पार्किंग झालं. पूर्वी पाहुणा आला की घरचे ओसरीवर झोपत. आता घरचेच पाहुण्यासारखे अंग चोरून राहू लागले. सगुणच्या मुलाने, कृष्णनाथने, घरातल्या पाच खोल्या होमस्टेला काढल्या आणि आईबापाला मागची सहावी दिली. तिला तो 'स्टाफ रूम' म्हणायचा.

त्या वर्षी देवाने पळणीचे दिवस दिले ते नेमके एकोणतीस, तीस आणि एकतीस डिसेंबर. नवं वर्ष साजरं करायला येणाऱ्यांनी आधीच खोल्या धरल्या होत्या. गावात एक खाट रिकामी नव्हती.

देवस्थान समितीचा अध्यक्ष बाबली गावकर. किनाऱ्यावर त्याचे दोन शॅक. तो म्हणाला, "देवाकडे कॅलेंडर नाय. चूक झाली आसतली. सगुणकाका, परत विचारा."

परत विचारलं. देव तारखा बदलायला तयार होईना. तेव्हा बाबलीच्या डोक्यात प्रकाश पडला. "पळण कोणाची? गाववाल्यांची! टुरिस्ट काय गाववाले? मतदारयादीत आसत? पाव्हणे ते. आपण भायर जावया, ते भितर रवांदेत. बुकिंगां करणाऱ्या दिल्लीच्या कंपनीचो मॅनेजर तीन दीस सगळा सांभाळूक तयार आसा."

गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. धर्म राहिला, धंदाही राहिला. सगुण तेवढा मान हलवत होता.

"बाबली, ह्या वाकडा आसा."

"वाकडा कशाक? नवीन आसा."

घरी कृष्णनाथने बापाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "बाबा, पाचय खोलयो भरल्यात. लोकांनी विमानाची तिकिटां काढल्यानी. मी तेंका काय सांगू, देव येतलो म्हणान तुमी जावा?"

मुलाचा उतरलेला चेहरा सगुणला बघवेना. देवासमोर ताठ उभा राहणारा माणूस पोरासमोर वाकला. दुसऱ्या दिवशी देवळात त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा म्हाराजा! गावची माणसां शिवेभायर जातली, पाव्हणे भितर रवतले, ता मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव इतक्या जोरात कधीच ओरडला नव्हता.

उजवी पाकळी टपकन पडली. देव एवढ्या झटकन कधी कबूल होत नसे. सगुणला तिथेच शंका यायला हवी होती, पण बाबलीने तोवर पेढे वाटायला घेतले होते.

एकोणतीसला गाव निघाला. पुढे गुरं, मागे कोंबड्यांच्या टोपल्या आणि त्यामागे पॉवर बँक घेतलेली तरुण मंडळी. टुरिस्ट दुतर्फा उभे राहून व्हिडिओ काढत होते. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. तीन दिवस पलीकडून जो ढणढणाट ऐकू आला, तो ऐकून सगुणची बायको वत्सला म्हणाली, "देव फिरता आसतलो तर कानांत बोटां घालून फिरता आसतलो."

बाबली मात्र झोपडीत बसून मोबाईलवरचे अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवी. "ऐका! 'गाव अतिशय शांत. पहाटे कोंबडे आरवत नाहीत. पाच तारे.' आणखी ऐका, 'स्थानिकांचा अजिबात त्रास नाही. पाच तारे!'"

लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. पाच तारे कशाबद्दल मिळाले, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी शिवेवरच्या देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावून सगुणने विचारलं, "घराक येवं म्हाराजा?" डावी पडली.

असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. तिसऱ्या दिवशीही डावीच. तांदूळ संपत आले, म्हशी आटल्या, आणि पलीकडे सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की गाव इथे नसल्याचं तिथे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. लोक सगुणवर उखडले. बाबली म्हणाला, "काका, नीट विचारा हो! तुमका येता मां विचारूक?"

सगुणला ते लागलं. बापाचा शब्द मोडल्याची बोच इतके दिवस त्याच्या मनात होती, आता ती सोसेना. त्याने हात जोडले आणि मनात होतं ते भडाभडा बोलला, "बा देवा, आमी चुकलंव. तुका गाव रिकामो करून दितंव म्हणान सांगलंव आणि भाड्यान दिलंव. तुझ्याच घरात तुका जागो ठेवलंव नाय. आता भितरल्यांक भायर काढतंव, तीन दीस सरळ पळण करतंव, मगे आमका घराक घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा" म्हणायला फक्त वत्सलाचा आवाज आला. आणि उजवी पाकळी पडली.

सगळे पायांकडे बघू लागले. पंधरा जानेवारीपर्यंतची बुकिंगं झाली होती. शेवटी बाबली खाकरला. समित्यांवर काढलेली वर्षं अशा वेळीच उपयोगी पडतात. "ह्यो कौल सगुणकाकांनी आपल्या मनान विचारलो. समितीचो ठराव नाय. म्हणजे पळण तेंकाच लागू, उजवी पाकळी सगळ्यांक."

दुपारपर्यंत गाव आपापल्या कोंबड्या उचलून घरी गेला. कृष्णनाथ बापापाशी घुटमळला. "बाबा, चला. सगळे गेले."

"मी देवाक सांगलंय."

"देव काय बघूक येता?"

कृष्णनाथने आईकडे पाहिलं. ती चुलीत काटक्या सारत होती. "तू जा बाबा," ती म्हणाली, "तुझे पाव्हणे वाट बघत आसतले."

शंभर झोपड्यांच्या जागी आता एकच झोपडी उरली. म्हातारा-म्हातारीने तिथे आणखी तीन दिवस काढले. पेज आणि सुंगटं, म्हणजे सुकी कोलंबी, दुसरं काही नव्हतं. सगुणला वाईट वाटत होतं आणि खूप दिवसांनी हलकंही वाटत होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्याने पाषाणासमोर एवढंच म्हटलं, "म्हाराजा, गावाचा माका जमला नाय. आमी दोघांनी पाळला. आमका तरी घे."

उजवी पडली. सगुणच्या डोळ्यांत पाणी आलं. वत्सलाने टोपलीत भांडी भरली आणि दोघं व्हाळ ओलांडून घरी आली.

कृष्णनाथ गाडी काढत होता. त्यांना बघून तो वरमला. "बाबा, तुमी आज येतलात ह्या माका खंय म्हायती? सहावी खोली रिकामी होती म्हणान... तेरा तारखेक सुटतली. तोवर खंय तरी बघूया. माका विमानतळार जावक होया." आणि तो गेलाच.

ओसरीवर एक तरुण बाई कॉफी पीत बसली होती. सहाव्या खोलीत तीच उतरली होती. डोक्यावर टोपल्या घेऊन उभी असलेली ही जोडी बघून ती प्रेमाने हसली. "अंकल, आप भी यहीं ठहरे हैं?"

बाईने आपणहून खुर्ची पुढे सारली आणि नव्या माणसांना माहिती द्यावी तशी हिंदीत देऊ लागली. किनारा कुठे, कॉफी कुठली चांगली. मग म्हणाली, इथल्या देवळात एक म्हातारा देवाशी बोलतो म्हणे, मी खास त्याच्यासाठी आले, तीन दिवस रोज जाते, पण तो भेटतच नाही. तुम्हाला काही ठाऊक आहे का?

सगुणने टोपली खाली ठेवली नाही.

"वो गाव छोडके गया," तो म्हणाला.

बाई फार हळहळली. तिने सगुणचे आभार मानले आणि आपल्यासारखी दुसऱ्या कोणाची खेप फुकट जाऊ नये म्हणून लगेच मोबाईल काढून तशी सूचना टाकली.