उमरग्याच्या ओपनरनं पाहिलेली रील

मित्रांनो, मी एक जुना ओपनर आहे. बाटलीचं टोपण उपटतो, तो. उमरग्यात हायवेच्या कडेला रेवणप्पांचं परमिट रूम आहे, तिथं काउंटरच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेला असतो. तुमच्या वयाला माझं काम बघायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगायची आहे. म्हणून तुमचे शाळेतले गुरुजी रागावले तरी चालतील, ऐका.

माझा जन्म लाडाकोडात झाला नाही. सोलापूरच्या एका शेडमध्ये पोलादाची पट्टी यंत्राखाली घातली, धाडकन दणका बसला आणि मी तुकडा होऊन खाली पडलो. मग भोक पाडलं, वाकवलं, दगडाच्या चाकावर ठिणग्या उडेपर्यंत घासलं. असा मार खाऊन तयार झालेला जीव मी, माझा स्वभाव गोड कसा असणार? टोपणाला दात लावला की ते उपटल्याशिवाय सोडत नाही. बाटलीला मात्र मी कधी ओरखडा काढला नाही, आणि ह्याची मला घमेंड आहे.

चौदा वर्षं मी एकाच हातात राबलो. तो हात कुमारचा. कुमार इथला वेटर, जळकोटचा, गोंधळ्याच्या घरातला. लग्नसराईत दोन दिवस रजा काढून संबळ वाजवायला जायचा आणि आला की त्याची बोटं काउंटरवर आपोआप वाजत राहायची. त्या बोटांत मी कसा बसायचो म्हणून सांगू! एका झटक्यात टोपण वर, आणि फेसाचा थेंबही खाली नाही. ट्रकवाले म्हणायचे, "मामा, तुमच्या हातची बाटली लई ग्वाड लागती."

मारामाऱ्याही पुष्कळ बघितल्या. एकदा तर एका गिऱ्हाइकानं मला सुतळीसकट ओढून दुसऱ्याच्या कपाळात हाणलं. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. कुमारनं दोघांना बखोटीला धरून बाहेर काढलं आणि मला कढत पाण्यात बुडवून धुतलं. "तुझं काम टोपणाशी, माणसाशी न्हाय," असं मलाच दटावलं. चूक माझी नव्हती, पण रक्त तर माझ्याच दाताला होतं.

तीन वर्षांपूर्वी रेवणप्पांचा पुतण्या उत्कर्ष गल्ल्यावर बसायला लागला. पुण्यात परीक्षा देऊन देऊन कंटाळून परत आलेला. पोरगा वाईट नव्हता. शाळेत असल्यापासून कुमारच्या मागंमागं फिरलेला. त्यानं परमिट रूमचं पेज उघडलं आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघांचा एकच उद्योग सुरू व्हायचा, बिअरचे शौकीन शोधायचे आणि कुणाला फॉलो करायचं ते ठरवायचं. मोबाइल माझ्या शेजारीच पडलेला असायचा, त्यामुळं मलाही सगळं दिसायचं.

उत्कर्षचा हिशोब सोपा होता. ज्याच्या मागं जास्त लोक, तो भारी. कुमारचं वेगळंच. तो म्हणायचा, "मानूस ग्लास कसा धरतोय ते बघ आधी."

अशाच एका दुपारी त्यांना मंजुषाताई सापडल्या. कुठल्याशा बिअरच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला होत्या. मागं जेमतेम अकराशे लोक. व्हिडिओत त्यांनी आधी ग्लास धुतला, उजेडाकडं धरून बघितला, पुन्हा धुतला. मग कुठं बाटलीला हात लावला, आणि ती उघडली ओपनरनं! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

"हिला कर," कुमार म्हणाला.

"मामा, अकराशेच लोक हायत हिच्या मागं."

"असू दे. ग्लास धुती बाई."

उत्कर्षनं कुमारच्या शब्दाखातर त्यांना फॉलो केलं, आणि लगेच पुढचा माणूस बघायला लागला. तो होता अमरसिंह. मागं दोन लाख चाळीस हजार लोक. ह्याला बिअरची चव कळत होती की नाही देव जाणे, मी त्याला घोट घेताना बघितलंच नाही. तो बाटल्या फोडायचा. गुडघ्यावर, विटेवर, स्वतःच्या डोक्यावर. आणि सगळ्यात गाजलेलं म्हणजे ऊसतोडीच्या कोयत्यानं बाटलीचा गळा उडवायचा. खाली लाखांनी लोक टाळ्या पिटत होते. अरे, मग मी कशाला आहे? मला तर असा संताप आला!

एप्रिलमध्ये उत्कर्षनं नवीन डोकं लढवलं. रस्त्याकडच्या काचेच्या खिडकीत बाटल्यांचा मनोरा रचला आणि फोटो टाकला. ऊन पडलं की बाटल्या लखलखायच्या. फोटोखाली मंजुषाताईंनी लिहिलं, 'बाटल्या उन्हात ठेवू नका. बिअरला वास येतो. शिवाय तापलेल्या बाटलीत दाब वाढतो, धक्का बसला तर फुटते. कुणाच्या तरी हाताला लागेल.'

उत्कर्ष भडकलाच. "चारचौघात आमच्या बारची इज्जत काढती? हिला इचारलंय कुणी?" कुमार सांगायला गेला, "बाई चांगलंच सांगायलीय की." पण तोवर अंगठा फिरला होता. मंजुषाताई ब्लॉक. त्याच फोटोखाली अमरसिंहानं तीन आगीची चित्रं टाकली होती आणि लिहिलं होतं, 'येऊ का?' उत्कर्ष खुर्चीतून उडालाच.

मे महिन्यात अमरसिंह आला. भर दुपार, रेवणप्पा लातूरला गेलेले. उघडी जीप, दोन कॅमेरेवाली पोरं, आणि फडक्यात गुंडाळलेला कोयता. कुमारनं फ्रीजमधून थंडगार बाटली काढून दिली.

"ही नको," अमरसिंह म्हणाला. "थंड बाटलीला घाम सुटतो, लेबल दिसत न्हाय. ती खिडकीतली द्या."

खिडकीतली बाटली महिनाभर उन्हात भाजून निघालेली. कुमारनं ती उचलली आणि चटका बसला म्हणून ह्या हातातून त्या हातात घेतली. "लई तापलीय," तो म्हणाला. "अन् हे कोयत्याचं कशाला? ओपनर हाय की!"

"मामा, ओपनरचं कोण बघतंय?" उत्कर्ष म्हणाला. "तुम्ही फकस्त धरा. दादांना बारचाच मानूस पायजे. पाच मिनटांचं काम हाय. माझ्यासाठी धरा."

माझ्यासाठी, असं तो म्हणाला. कुमारनं एकदा त्या पोराकडं बघितलं आणि उजव्या हातात बाटली घट्ट धरून हात लांब केला.

मी सुतळीला लटकत होतो. ओरडता येत असतं तर ओरडलो असतो.

कोयता बसला. गळा उडाला नाही. आख्खी बाटली कुमारच्या मुठीत फुटली. असा आवाज झाला की रस्त्यावरची कुत्री पळाली. काचा छताला लागल्या, फेस भिंतीवर उडाला आणि फेसाबरोबर रक्त. कुमार खाली बसला. त्याच्या हातातून रक्ताची चिळकांडी उडत होती आणि करंगळी कातड्याला लोंबत होती. बाटलीच्या गळ्याचा तुकडा घरंगळत माझ्याखाली आला. त्याच्यावरचं टोपण तसंच घट्ट होतं.

"बंद करू नको! चालू ठेव!" अमरसिंह त्याच्या पोरांवर खेकसला.

उत्कर्षनं टेबलावरचं फडकं ओढलं, हात गुंडाळला आणि कुमारला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात वाचवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

संध्याकाळी रेवणप्पा आले. फरशीवरचं रक्त बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि उत्कर्षच्या कानाखाली अशी वाजवली की तो काउंटरवर आदळला. मग दुसरी, तिसरी. पोरानं हात वर केला नाही. आप्पांनी शटरची लोखंडी सळई घेतली आणि खिडकीतल्या मनोऱ्यावर घातली. बाटल्या धडाधड फुटत गेल्या. आप्पा रडत होते आणि फोडत होते. "चौदा वर्सं जपलं रे त्यानं आमाला!" एवढंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ती रील सगळीकडं होती. मागं गाणं लावलेलं, आणि हात फुटतो तो क्षण तीनदा सावकाश दाखवलेला. अकरा लाख लोकांनी बघितलं. आमच्या पेजमागं सहाशे लोक होते, त्यांचे एकोणीस हजार झाले. उत्कर्षला हवं होतं ते सगळं मिळालं.

त्यानं अमरसिंहाला फोन लावला. "दादा, ती रील काढा. पाया पडतो."

"येडा हायस का? लई पळायलीय! तुझं पेज बी जोडलंय, मजा कर की." फोन बंद.

उत्कर्षनं अमरसिंहाला अनफॉलो केलं, रीलविरुद्ध तक्रार टाकली, आपलं पेज पुसलं. ते पुसायच्या आधी मंजुषाताईंचा ब्लॉक काढून त्यांना माफीचे दोन शब्द लिहिले. त्यांचं उत्तर लगेच आलं, 'ते काका कसे आहेत? दुसऱ्या बोटांना हालचाल आहे का?' अकरा लाख लोकांत हे विचारणाऱ्या त्या एकट्या. उत्कर्ष माझ्या शेजारी डोकं टेकून हमसून हमसून रडला.

दोन महिन्यांनी कुमार कामावर आला. सवयीनं उजव्या हातानं मला धरलं. मी निसटलो आणि सुतळीला हेलकावे खात राहिलो. त्यानं पुन्हा धरलं, मी पुन्हा निसटलो. मग त्यानं मला डाव्या हातात घेतलं. टोपण निघालं, पण अर्धी बिअर सांडली. संबळाचं त्यानं नाव काढलं नाही, आणि त्याची बोटं आता काउंटरवर वाजत नाहीत.

"मामा, मला मारा," उत्कर्ष म्हणाला. "आप्पांनी मारलं, तसं तुम्ही बी मारा."

कुमार काउंटर पुसत राहिला. पुसता पुसता म्हणाला, "हाताचं सोड रे. शिवप्रियाला वर्गातल्या पोरांनी दाखवली ती रील. हात कुनाच्या बापाचा हाय, त्यांना काय म्हाईत? हसत हुती म्हनं सगळी. ती बी हसली त्यांच्यात. घरी आली अन् मग माझा हात धरून बसली, सोडंनाच."

शिवप्रिया कुमारची मुलगी. सातवीत आहे.

मित्रांनो, म्हणून मी गुरुजींना न जुमानता तुमच्याशी बोललो. मोठ्यांना सांगून उपयोग नाही, हे मी चौदा वर्षं काउंटरवर टांगून घेऊन शिकलो आहे. ती रील अजून फिरते आहे. तिच्यात चेहरा दिसत नाही, कोयता दिसतो आणि एक हात दिसतो. कधी तुमच्यापुढं आली, कुणी 'बघ, भारी आहे' म्हणून दाखवली, तर हसू नका आणि पुढं पाठवू नका. तुमच्या शेजारच्या बाकावर शिवप्रिया बसलेली असेल.