जागृत पॅडची जोडी

“थांबेल की नाही?”

“थांबेल!”

“कशानं थांबेल?”

“स्पर्शानं!”

गॅरेजचं शटर पार खाली ओढलेलं होतं. आत मोठमोठ्या मोटरसायकली चालवणारा एक अख्खा क्लब जाड जाकिटांत घामाघूम होऊन, बगलेत हेल्मेट धरून दाटीवाटीने उभा होता. मधोमध लोखंडी टेबलावर ब्रेकची पोलादी डिस्क उभी बसवली होती. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारं कॅलिपर, पुढे लिव्हर आणि खाली एक मोटर. मोटरने डिस्कला वेग द्यायचा, मग मोटर बंद करायची आणि नुसत्या वेगावर गरगरणारी डिस्क ब्रेक लावून थांबवायची, असा तो मांडलेला संसार.

गर्दीकडून हे वदवून घेणाऱ्या उस्तादांनी दोन्ही तळव्यांत ब्रेक पॅडची, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून घासणाऱ्या चपट्या तुकड्यांची, एक जोडी धरली, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि पॅडवर फुंकर घातली. जोडी कॅलिपरमध्ये सरकवून त्यांनी लिव्हरला करंगळी लावली. डिस्क जागच्या जागी गप्प. गर्दीतून ‘आहा!’ उठला. एकाने तर टेबलालाच हात लावून तो कपाळाला टेकवला.

या गर्दीत एक जावई अडकला होता. त्याला जावई म्हणायचं कारण एवढंच, की त्याच्या सासूबाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या आणि त्या त्याला दुसऱ्या कोणत्याच नावाने हाक मारत नसत. त्यांना दातांच्या डॉक्टरकडून घरी सोडायला तो मोटरसायकलवरून निघाला होता, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. “असशील तसा ये. उद्याच्या सहलीआधी उस्तादांकडून जागृत पॅडं बसवून घे.” साहेब म्हणजे क्लबचे प्रमुख आणि त्याच्या ऑफिसातलेही साहेबच. क्लबात त्यांचा शब्द मोडलेल्या एका माणसाची ऑफिसात वर्षभरात तीन टेबलं बदलली होती, हे जावयाने डोळ्यांनी पाहिलं होतं. तो आला. मागून शटर पडलं.

“वारा लागला की जागृती उडते,” उस्ताद म्हणाले. “विधी संपेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही.”

उद्या सकाळी घाट उतरायचा होता. मागच्या सीटवर बायको, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, खाली सगळी नागमोडी उतरण. पुढच्या ब्रेकची पॅडं झिजून पत्र्याला टेकायला आली होती. थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, म्हणून जावयाने नवी पॅडं निवडायला बरंच डोकं खपवलं होतं. राळ आणि तंतूंची साधी पॅडं दाबायला मऊ, पण लांब उतारावर तापली की त्यांची पकड ढिली पडते. धातूची पूड तापवून दाबून केलेली पॅडं तापल्यावरही पकड सोडत नाहीत. गाडीच्या पुस्तकात त्याच्या डिस्कला ती चालतात असं लिहिलं होतं. पॅडच्या पाठीवर दोन अक्षरं कोरलेली असतात. पहिलं थंड असताना पकड किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती ते. दोन्ही अक्षरं चांगली बघून त्याने दोन जोड्या घेतल्या होत्या, कारण त्याच्या गाडीला पुढे दोन डिस्क होत्या. दोन्ही खोकी आता जाकिटाच्या खिशात होती, आणि ती साहेबांच्या नजरेला पडू नयेत म्हणून तो हात आवळून उभा होता.

“दुकानातलं पॅड म्हणजे प्रेत!” उस्ताद सांगत होते. “कंपनी देह घडवते, प्राण मी घालतो. डोकं हलकं वाटतंय का कुणाला?”

“वाटतंय!” चारपाच आवाज आले.

“शक्ती अंगात शिरतेय. आणि दुखतंय कुणाचं?”

“माझं!” मागून एक जाड्या ओरडला.

“शंका बाहेर पडतेय.”

“आणि मळमळतंय त्याचं काय?” सासूबाईंनी गालावर रुमाल दाबत विचारलं.

लोक हसले. उस्तादही हसले. “माताजी, ते जुनं काहीतरी असेल.”

“जुनं नाही हो, आत्ताचंच आहे. शटर पडल्यापासूनचं.” सासूबाई जावयाकडे वळून हळूच म्हणाल्या, “जावईबापू, हा वास मी तीस वर्षं घेतलाय. शाळेच्या प्रयोगशाळेत डाग पुसायला वापरायचो तसल्या द्रवाचा. बंद खोलीत कुणी वापरू नये म्हणून मी आरडाओरडा करायची.”

“आई, हळू बोला ना.”

“का? साहेब चावतात?”

साहेब चावले नाहीत, पण त्यांनी त्याचा खिसा हेरला. “अरे, हे काय? दुकानातून आणलीस? उस्ताद, घ्या! प्रेत पाहिजे होतं ना तुम्हाला?” त्यांनी एक खोकं ओढून काढलं आणि पुढे केलं. जावयाच्या तोंडून ‘अहो’ निघालं, पण ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

उस्तादांनी पांढऱ्या फडक्याने डिस्क पुसली. “आधी डिस्कवरच्या शक्तीला निरोप द्यायचा.” मग त्याची जोडी बसवली, डिस्क फिरवली, लिव्हर दाबलं. चार बोटांनी दाबलं. डिस्क आपली घुमतच राहिली, जणू ब्रेकशी तिची ओळखच नव्हती.

“बघा! याच्या भरवशावर बायकोला मागे बसवणार होता हा माणूस!”

सगळे जावयाकडे बघायला लागले. त्याचे कान तापले. आपण निवडताना चुकलो की काय? अक्षरं वाचायला चुकलो? इतकी माणसं बघतायत, डिस्क थांबली नाही हे तर खरंच आहे.

मग उस्तादांनी लाल फडक्याने डिस्क पुसली (“आता आवाहन!”), सोनेरी रंगाची आपली जागृत जोडी बसवली, आणि डिस्क टक्कन थांबली. पुन्हा ‘आहा!’

“घे ही जोडी,” साहेब म्हणाले. “आता इथेच बसवून टाकू. उद्या क्लबातल्या सगळ्यांच्या गाडीला हीच असणार. तुझ्याही.” पाठीवर पडलेला हात प्रेमाचा होता, पण वजनदार. जावयाने शटरकडे पाहिलं. शटर आणि त्याच्यामध्ये सगळा क्लब उभा होता.

“एक विचारू का?” सासूबाई स्टुलावरून उठल्या. “यांच्या पॅडला पांढरं फडकं, तुमच्या पॅडला लाल. असं का?”

“तो विधी आहे, माताजी.”

“मग एकदा उलटं करा. लाल फडक्यानंतर दुकानातलं पॅड लावा. बाकी सगळं तसंच.”

उस्तादांचा आवाज खाली आला. “परीक्षा घेतली की शक्ती निघून जाते.”

“बरंय की! माझ्या शाळेतल्या पोरांनाही परीक्षेतच पोट दुखायचं.”

जाड्या फस्सकन हसला. साहेबांनी डोळे वटारले आणि जावयाच्या कानाशी म्हणाले, “काकूंना आवर. सोमवारी ऑफिसात गाठ माझ्याशी आहे.”

जावयाला सोमवार दिसला. कोपऱ्यातलं टेबल दिसलं. मग उद्याची सकाळ दिसली. उतरणीवर तापलेली सोनेरी पॅडं, पाठीला टेकलेली बायको, आणि तिच्या हातात धरायला फक्त त्याचं जाकीट.

“माझ्याकडे दुसरी जोडी आहे,” तो म्हणाला. आवाज फाटला, पण आला. “हिला अजून कुणाचाच हात लागलेला नाही. डिस्क लाल फडक्याने आत्ताच पुसलीये. मी लावतो.”

उस्ताद टेबलासमोर आडवे आले. “अपवित्र हातानं—”

“लावू द्या हो, एवढं काय!” जाड्याने त्यांना बाजूला केलं. “आम्हालाही बघू द्या.”

जावयाने कॅलिपरची खीळ काढली, नवी जोडी सरकवली, डिस्क फिरवली आणि एक बोट लावलं. टक्. डिस्क गप्प.

कुणीच ‘आहा’ केलं नाही. सासूबाईंनी पांढरं फडकं उचललं, डिस्कवरून फिरवलं आणि उस्तादांची जागृत जोडी जाड्याच्या हातात दिली. “लाव बाळा.” जाड्याने लावली. दाबलं. पुन्हा दाबलं. डिस्क मजेत फिरत राहिली.

“अहो उस्ताद, प्राण गेला की हिचा!” कुणीतरी ओरडलं, आणि जो हशा पिकला त्यात कुणीतरी शटर वर ढकललं. उजेड आणि वारा एकदम आत घुसले. उजेडात डिस्कवरचा तुकतुकीत ओघळ सगळ्यांना दिसला. सासूबाईंनी पर्समधला कागद पांढऱ्या फडक्यावर दाबला आणि उजेडात धरला. डाग आरपार दिसत होता. लाल फडक्याच्या न वापरलेल्या ओल्या कोपऱ्यावर दाबलेला दुसरा कागद बघता बघता वाळून कोरा झाला.

“पांढऱ्यात तेल आहे,” त्या म्हणाल्या, “आणि लाल फडक्यात तेल काढणारा द्रव. तो उडून जातो, म्हणून डाग राहात नाही. तुमची डोकी त्याच वाफेनं हलकी झाली होती. शक्तीबिक्ती काही नाही.”

जावयाने सोनेरी पॅडची पाठ नखाने खरवडली. रंगाखाली अक्षरं कानशीने घासून टाकलेली होती. “कुठली, कसली, तापल्यावर काय करतील, काहीच कळायला मार्ग नाही,” तो म्हणाला. “आणि पॅडने एकदा तेल प्यायलं की ते वापरायचं नसतं. म्हणजे दुकानातली जी जी पॅडं इथे ‘मेली’, ती याच टेबलावर मारली गेली.”

“पण मी वर्षभर हीच वापरतोय!” साहेब उसळले. “पहिल्या आठवड्यात उस्तादांनी सांगितलं तसं केलं. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, हळूहळू दाबायचं, पूर्ण थांबायचं नाही, मनात स्पर्श आठवायचा. रोज पकड वाढत गेली!”

“कुठलंही नवं पॅड असंच डिस्कवर बसवतात, साहेब. घासून घासून दोन्ही एकमेकांना सरावतात. स्पर्श आठवला नाही तरी पकड वाढते.”

उस्ताद मोटरची वायर गुंडाळायला लागले. दोघेतिघे तरीही त्यांच्या भोवती घुटमळत होते. एकजण विचारत होता, “पण माझी जोडी तर खरी आहे ना?”

“एवढ्या लोकांचा विश्वास मोडलास,” साहेब म्हणाले. “उद्या येऊ नकोस.”

“येऊच शकत नाही. माझी एक जोडी तेलात गेली. नवी आणून, नीट बसवून मगच बायकोला मागे घेईन.” सोमवार काही टळला नव्हता. “साहेब, वहिनीही तुमच्या मागेच बसतात. ब्रेक तुमच्या हातात असतो, त्यांच्या नाही. त्यांच्या वाटची शंका तुम्हीच घ्यायला हवी. कुणी चमत्कार दाखवला तर फक्त एकच गोष्ट बदलायला सांगा आणि पुन्हा दाखव म्हणा. जो दाखवणार नाही, त्याच्या हाताने आपली गाडी उघडू देऊ नका.”

जाताना साहेब आपल्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि मोबाइलचा उजेड पाडून पॅडच्या पाठीवर अक्षरं शोधू लागले.